मंडळीतले घर अडचणीत येते तेव्हा: पडत्या काळात एकमेकांना सावरण्याची व्यवस्था कशी उभी करावी

मिळकत थांबलेले ख्रिस्ती कुटुंब पहिल्यांदा काय करते, तर मंडळीच्या, म्हणजे आपल्या चर्चच्या, उपासनेला येणे कमी करते. अर्पणाची पिशवी समोर आली की हात आखडतो. "कसं काय, बरं आहे ना?" या साध्या प्रश्नालाही खोटे उत्तर द्यावे लागते, म्हणून माणूस मागच्या बाकावर बसतो, आशीर्वाद होताच निघून जातो आणि हळूहळू येईनासा होतो. ज्या वेळी मंडळीची सर्वांत जास्त गरज असते, त्याच वेळी ती त्याच्यापासून दुरावते.

म्हणून माझे ठाम मत असे की मंडळीतल्या मदतकार्यातली खरी अडचण पैशांची तूट ही नाही. खरी अडचण लाज आणि व्यवस्थेचा अभाव ही आहे. बहुतेक मंडळ्यांत देणारी मनेही असतात आणि गरजू घरेही असतात, पण त्या दोघांमधला रस्ता कोणी बांधलेला नसतो. तो कसा बांधायचा ते पुढे सांगतो. प्रत्येक पायरीवर एकच गोष्ट तपासायची: मदत घेणाऱ्याची मान खाली जाणार नाही ना?

संकट दारात येण्याआधी

बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 11व्या अध्यायात एक प्रसंग आहे. मोठा दुष्काळ पडणार असे अगब संदेष्ट्याने अंत्युखिया शहरात सांगितले. तो दुष्काळ पुढे रोमी सम्राट क्लौद्य कैसराच्या काळात पडला. अंत्युखियातल्या शिष्यांनी ते ऐकून काय केले? प्रत्येकाने आपापल्या ऐपतीप्रमाणे यहूदीयातल्या बंधुजनांसाठी काही द्यायचे ठरवले आणि ते बर्णबा व शौल (म्हणजेच प्रेषित पौल) यांच्या हाती तिथल्या वडिलजनांकडे, म्हणजे मंडळीचा कारभार पाहणाऱ्या ज्येष्ठांकडे, पाठवले. किती द्यायचे ते ऐपतीवर सोडले, कोणाच्या हाती द्यायचे ते ठरवले, कोणाकडे पोहोचवायचे तेही ठरवले. उत्साहाइतकीच त्यात शिस्त आहे.

तुमच्या मंडळीतही वडिलजनांच्या किंवा पंचांच्या एका बैठकीत तीन गोष्टी कागदावर आणा: मदतीचा निर्णय कोण घेणार, पैसा कुठून येणार आणि कोणत्या गरजांना तो आधी जाणार. एक पान पुरे. वादळ आल्यावर नियम करायला बसलात, तर प्रत्येक नियम कोणत्या तरी कुटुंबाकडे बघून केल्यासारखा वाटतो आणि मने दुखावतात.

याच टप्प्यावर पाळकांचे, म्हणजे मंडळीच्या धर्मगुरूंचे, एक काम आहे आणि ते दुसरे कोणी करू शकत नाही. नोकरी जाणे, धंदा बुडणे, पीक हातचे जाणे ही देवाची शिक्षा नव्हे आणि कमकुवत विश्वासाची खूणही नव्हे, हे व्यासपीठावरून स्पष्ट शब्दांत सांगायला हवे. विश्वास खरा असेल तर बरकत येतेच, अशी शिकवण ज्या मंडळीत मुरलेली असते, तिथे गरजू माणूस तोंड उघडत नाही. तोंड उघडणे म्हणजे आपला विश्वास खोटा असल्याचे कबूल करणे, असे त्याला वाटते. बायबलमधल्या ईयोबावर संकटे कोसळली, तेव्हा त्याच्या मित्रांनी नेमका हाच घाव घातला होता.

माणसे निवडताना

कृत्यांच्या 6व्या अध्यायात तक्रार होती ती अन्नवाटपाची. ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांच्या विधवांकडे रोजच्या वाटणीत दुर्लक्ष होत होते. त्यावर सात जण नेमले गेले: स्तेफन, फिलिप्प, प्रखर, नीकानोर, तीमोन, पार्मिना आणि अंत्युखियाचा निकलाव. ही सातही नावे ग्रीक आहेत. ज्यांच्याकडे दुर्लक्ष होत होते, बहुधा त्यांच्यातल्याच माणसांच्या हाती वाटप सोपवले गेले. मदत समिती नेमताना हा धडा मला सर्वांत मोलाचा वाटतो.

तीन ते पाच जणांची छोटी समिती नेमा. त्यात निदान दोन स्त्रिया असाव्यात, कारण घरातली खरी चणचण आधी स्वयंपाकघरात कळते आणि ती पुरुषांना कोणी सांगत नाही. ज्याने स्वतः तंगी भोगली आहे असा एक जण असावा. मंडळीत वेगळी बोली बोलणारा, नुकताच स्थलांतर करून आलेला किंवा रोजंदारीवर जगणारा गट असेल, तर त्यातलाही एक जण हवा. केवळ मोठे देणगीदार समितीत बसवू नका. ज्याच्याकडून मदत घ्यायची त्याच्याचसमोर घरची दशा मांडायची, हे फार जड जाते.

पाळकांनी समितीला माहिती द्यावी, तिच्यासोबत प्रार्थना करावी, पण होकार-नकाराचा निर्णय एकट्याने घेऊ नये. ज्याला नकार मिळाला, त्याला पुढच्या आठवड्यात आजारपणात किंवा मरणात पाळकाला हाक मारावी लागेल. ते दार उघडे राहिले पाहिजे.

आणखी दोन नियम पहिल्याच दिवशी करा. समितीत ऐकलेली गोष्ट नवऱ्याला किंवा बायकोलाही सांगायची नाही. आणि नातलगाचा विषय निघाला की त्या सभासदाने उठून बाहेर जायचे. गुप्तता पाळता येत नाही असे ज्याच्याबद्दल सगळ्यांना ठाऊक आहे, तो कितीही भक्तिमान असला तरी या कामासाठी योग्य नाही.

गरज कळणार कशी?

वाट बघत बसलात तर कळणार नाही. 1819 साली स्कॉटलंडमधल्या ग्लासगोतल्या सेंट जॉन्स या वस्तीत थॉमस चामर्स या पाळकाने आपला भाग 25 लहान विभागांत वाटला आणि प्रत्येक विभागासाठी एकेक सेवक नेमला. त्याच्या सगळ्याच मतांशी सहमत व्हायचे कारण नाही. सरकारी मदतीला त्याचा विरोध होता आणि तो मला पटत नाही. पण विभागांची कल्पना पक्की आहे. शंभर घरांवर एका माणसाला लक्ष ठेवता येत नाही, आठ-दहा घरांवर येते.

मंडळीची अशी आठ-दहा घरांची मंडळे करा आणि प्रत्येक मंडळाला दोन जण द्या. त्यांनी वर्षातून दोनदा तरी प्रत्येक घरी जावे, सुखवस्तू घरीही. हा मुद्दा सोडू नका. भेट फक्त गरजूंच्या घरी होत असेल, तर भेट हाच शिक्का बनतो आणि शेजारी विचारतात, "त्यांच्याकडे का गेले होते?" सगळ्यांकडे जात असाल तर कोणाचेच नाव होत नाही. शिवाय सुखवस्तू समजल्या जाणाऱ्या घरातही कर्जाचे डोंगर असतात.

1833 साली पॅरिसमध्ये फ्रेदेरिक ओझानाम आणि त्याच्या विद्यार्थी मित्रांनी जे काम सुरू केले, त्याचा गाभाही घरभेट हाच होता. त्यातून उभी राहिलेली संत व्हिन्सेंट डी पॉल संस्था आज जगभर आहे.

घरी गेल्यावर बोलायचे काय? "काही लागलं तर सांगा" हे वाक्य मनापासून आलेले असले तरी निरुपयोगी आहे. ते सगळे ओझे समोरच्यावर टाकते: गरज ठरव, शब्द शोध, लाज गीळ आणि मग येऊन माग. त्याऐवजी हो किंवा नाही म्हणता येईल असे काही विचारा. "या महिन्यात कुठलं देणं सगळ्यात जड जातंय?" "शाळेची फी भरायची राहिलीय का?" "गुरुवारी मी रुग्णालयात सोबत येऊ का?" ज्येष्ठांशी बोलताना त्यांचाच सल्ला घेत गरजेपर्यंत पोहोचा. "काकू, मंडळीत कोणाला औषधं परवडत नसतील तर आपण काय करावं?" असे विचारले की काकू आपोआप स्वतःबद्दल बोलू लागतात.

काही लक्षणे न विचारता दिसतात. नियमित येणारी व्यक्ती गैरहजर राहू लागते. मुले सहलीला किंवा शिबिराला येत नाहीत आणि कारण पटण्यासारखे नसते. डोळ्यांचा किंवा दातांचा इलाज पुढे ढकलला जातो. नेहमी पाहुणचार करणारे घर कोणाला बोलवेनासे होते. हे दिसले की चर्चा करू नका, जा.

जाताना बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या 24व्या अध्यायातला नियम मनात ठेवा. कर्ज देणाऱ्याने तारण घ्यायला कर्जदाराच्या घरात शिरू नये, बाहेर उभे राहावे, कर्जदाराने स्वतः तारण बाहेर आणून द्यावे. गरिबाच्या उंबरठ्यालाही मान आहे. म्हणून घरात गेल्यावर नजर फिरवून टीव्ही किती मोठा आहे, भांडी किती आहेत, याचा अंदाज घेऊ नका. चांगल्या दिवसांत घेतलेला फोन हातात आहे म्हणून आजची भूक खोटी ठरत नाही.

निधी आणि हिशेब

इ. स. 197च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजमध्ये तर्तुल्यन या ख्रिस्ती लेखकाने ख्रिस्ती मंडळ्यांच्या निधीचे वर्णन लिहून ठेवले आहे. महिन्यातल्या ठरलेल्या दिवशी ज्याला इच्छा आणि ऐपत असेल त्याने थोडे टाकायचे, सक्ती कोणावर नाही. तो पैसा मेजवान्यांवर जात नसे. गरिबांचे पोषण आणि दफन, अनाथ मुले, घराबाहेर पडू न शकणारे म्हातारे, जहाज फुटल्याने सर्वस्व गमावलेले लोक, विश्वासापायी खाणीत धाडलेले बंदी यांच्यासाठी तो असे. 251च्या सुमारास रोमचा बिशप कर्नेल्य आपल्या पत्रात लिहितो की रोमची मंडळी 1500हून अधिक विधवा आणि गरजवंतांना सांभाळते. तेव्हा मंडळीला ना राजाश्रय होता ना सुरक्षितता.

याच धर्तीवर मदतनिधी नेहमीच्या अर्पणापासून वेगळा ठेवा, बँकेतले खातेही वेगळे. छपराची दुरुस्ती आणि विधवेचे औषध एकाच पेटीतून निघू लागले, की छप्पर नेहमी जिंकते. महिन्यातला एक रविवार या निधीसाठी ठरवा. रक्कम लहान असली तरी चालेल, खंड पडू देऊ नका. आलेले सगळे लगेच वाटूही नका. एखादे शस्त्रक्रियेचे किंवा घरभाड्याचे मोठे प्रकरण अचानक येते, तेव्हा हाताशी काही असले पाहिजे.

हिशेबाच्या बाबतीत पौलाइतके काटेकोर व्हा. यरुशलेमसाठी वर्गणी गोळा करताना त्याने मंडळ्यांनी निवडलेली माणसे सोबत घेतली. या मोठ्या रकमेबद्दल कोणी आपल्याला दोष लावू नये, प्रभूच्याच नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने जे योग्य तेच करावे, असे कारण त्याने करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्राच्या 8व्या अध्यायात दिले आहे. तर, पैसे मोजताना दोन असंबंधित माणसे, खर्चावर दोन सह्या आणि दर तीन महिन्यांनी मंडळीसमोर अहवाल. अहवालात जमा किती, खर्च किती, कोणत्या प्रकारच्या गरजांवर, एवढेच. नावे नाहीत. मंडळी अगदी लहान असेल तर कुटुंबांची संख्याही सांगू नका, लोक लगेच जुळवाजुळव करतात.

"हे पैसे अमक्यालाच द्या" अशी अट घालून कोणी निधीत देणगी देऊ लागला तर नम्रपणे परत करा आणि त्याने ते थेट द्यावेत असे सुचवा. त्यात पक्षपात शिरतो, आणि देणग्यांवरच्या करसवलतीचे नियम देशागणिक वेगळे असल्याने भानगडही होऊ शकते. आपल्या हिशेबतपासनिसाचा सल्ला आधीच घ्या.

प्रत्यक्ष हातात देताना

आधी डोक्यावरचे छप्पर, अन्न, औषध, वीज आणि पाणी. त्यानंतर कामावर जाण्याचा प्रवासखर्च आणि मुलांचे शिक्षण, कारण या दोन गोष्टी तुटल्या की पुढची मिळकतही तुटते. जुनी कर्जे सर्वांत शेवटी. निधीतून कर्ज फेडायला लागलात, तर मंडळीचा पैसा सावकाराकडे जातो आणि घरात मात्र चूल थंडच राहते. कर्जावर वेगळा इलाज हवा, तो पुढे येईल.

रोख द्यावी की परस्पर बिल भरावे, यावर नेहमी वाद होतो. परस्पर भरल्याने पैसा योग्य जागी जातो, पण घरमालकाला किंवा दुकानदाराला सगळे कळते. माझा कल असा: लहान रक्कम विश्वासाने हातात द्या, मोठी रक्कम कुटुंबाच्या संमतीने परस्पर भरा. पाकीट रविवारी सगळ्यांसमोर देऊ नका. मदत घेणाऱ्यांची रांग लावू नका. आणि फोटो तर कधीही काढू नका, अहवालासाठी नाही, दात्यांना दाखवण्यासाठीही नाही.

बायबलमधल्या रूथच्या पुस्तकात शेतमालक बवाज आपल्या गड्यांना रूथ या गरीब विधवेबद्दल सांगतो की पेंढ्यांतून काही कणसे मुद्दाम ओढून टाका आणि तिला वेचू द्या, तिला धमकावू नका. रूथ संध्याकाळी घरी गेली ती स्वतःच्या कष्टाचे धान्य घेऊन. जिथे शक्य असेल तिथे असेच करा. मंडळीत शिवणकाम, रंगकाम, हिशेब, शिकवणी असे काही काम असेल तर ते बाहेरच्याला देण्याआधी काम गेलेल्या सभासदाला द्या आणि बाजारात मिळेल तेवढा पूर्ण मोबदला द्या. "मंडळीचंच काम आहे" म्हणून कमी देऊ नका.

निधीतली मदत उसनी नसावी, देणगी असावी. परतफेड थकली की माणूस मंडळीतच येईनासा होतो, आणि आपण सुरुवात केली होती ती नेमकी हीच गोष्ट टाळण्यासाठी. सभासदांनी आपापसांत उसने द्यायचे असेल तर बायबलमधल्या लेवीय पुस्तकाचा 25वा अध्याय सांगतो तसे, व्याजाशिवाय. बुडाले तरी नाते टिकेल एवढेच द्या. जामीन राहण्याबाबत नीतिसूत्रांच्या 22व्या अध्यायातला इशारा कठोर आहे: फेडायला जवळ काही नसेल तर अंगाखालचे अंथरूणही जाईल. मैत्रीपोटी जामीन राहून दोन घरे बुडण्यापेक्षा, झेपेल तेवढी रक्कम सरळ देऊन टाकलेली बरी.

मुदत पहिल्याच भेटीत सांगा, उदाहरणार्थ तीन महिने, आणि मग पुन्हा एकत्र बसून बघू. अनिश्चित मदतीत दोन्ही बाजूंना घुसमट होते.

पैशांनी न होणारी कामे

नोकरी गेलेल्या माणसासाठी "प्रार्थनेत आठवण ठेवा" या घोषणेसोबत मंडळीतल्या प्रत्येकाला एक प्रश्न विचारा: तुमच्या कामाच्या ठिकाणी कुठे जागा आहे का, असल्यास अर्ज कोणाकडे द्यायचा? दर महिन्याला ही यादी अद्ययावत ठेवणारा एक तरुण किंवा तरुणी नेमा. अर्ज नीट लिहून देणारे, मुलाखतीची तयारी करून घेणारे सभासद मिळतात, त्यांना फक्त कोणी विचारलेले नसते.

कर्जात अडकलेल्या घरासाठी हिशेब जाणणारा एक विश्वासू माणूस द्या. त्याने सगळी कर्जे एका कागदावर मांडायची: मुद्दल, व्याजदर, हप्ता, तारीख. अनेकदा माणसाला आपले एकूण देणे किती हेच ठाऊक नसते, भीतीने त्याने कागद उघडलेलेच नसतात. मग सर्वांत महाग व्याजाचे कर्ज आधी संपवायचे आणि बँकेकडे हप्ते कमी करून मुदत वाढवून मागायची. सोबत कोणी बसले की हे बोलणे सोपे जाते. सरकारी योजनांचे अर्ज भरून देणे हेही तितकेच मोलाचे. त्यात कमीपणा नाही, तो नागरिकाचा हक्क आहे.

दीर्घकाळासाठी पतसंस्थेचा विचार करा. जर्मनीतल्या वायरबुश गावाचा प्रमुख फ्रीड्रिख राइफायझन हा श्रद्धाळू ख्रिस्ती माणूस. 1846-47च्या भुकेच्या हिवाळ्यात त्याने भाकरीसाठी संस्था उभारली. पुढच्या वर्षांत त्याच्या ध्यानात आले की श्रीमंतांच्या दानावर उभी संस्था फार काळ तग धरत नाही. 1864 मध्ये हेडेसडॉर्फला त्याने सभासदांच्याच जबाबदारीवर चालणारी कर्जसंस्था काढली आणि तिथून ग्रामीण सहकारी पतपेढ्यांची परंपरा वाढली. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियात 1928 पासून मोझेस कोडी या धर्मगुरूने कोळी आणि शेतकऱ्यांचे छोटे अभ्यासगट बसवले. आपल्या अडचणीचे कारण आधी समजून घ्यायचे, मग पतपेढी काढायची, हा त्याचा क्रम होता. मदतनिधी आणि पतपेढी मात्र एकत्र करू नका. एकात देणे आहे, दुसऱ्यात फेडणे आहे, आणि पतपेढीला आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे नोंदणी लागते.

सावध राहायच्या जागा

पडत्या काळात मंडळीत फसव्या योजना हमखास शिरतात. पैसे दुप्पट, साखळी पद्धतीची विक्री, "आपल्याच बंधूने सुरू केलंय" असे म्हणत विश्वासाचा वापर होतो, आणि उरलीसुरली बचत जाते ती सर्वांत गरजू घरांची. मंडळीच्या आवारात आणि मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर गुंतवणुकीचा कोणताही प्रस्ताव मांडायचा नाही, असा नियम करा. तो वडिलजनांनाही लागू.

वारंवार मागणाऱ्यांबद्दल. "काम करायची इच्छा नसेल तर त्याने खाऊही नये" हे पौलाचे म्हणणे लोक पटकन तोंडावर फेकतात. तिथला शब्द इच्छेबद्दल आहे. काम न मिळणारा, आजारी, खचलेला माणूस त्यात येत नाही. व्यसन असेल तर रोख देऊ नका. किराणा आणि फी परस्पर भरा, उपचारांची सोय बघा. घरात मारहाण होत असेल तर मदत थेट त्या स्त्रीच्या हाती जावी, आणि तिच्या सुरक्षिततेचा प्रश्न पैशांच्या आधी येतो.

नकार द्यावा लागला तर दोघांनी प्रत्यक्ष जाऊन द्यावा, फोनवरच्या संदेशातून नाही. कारण खरे सांगावे. निधी संपला असेल तर संपला म्हणावे. भेटी मात्र सुरू ठेवाव्यात.

मंडळीचे अर्पण घटले की पहिला फटका पाळकांच्या घराला बसतो आणि ते बोलत नाहीत. वर्षातून एकदा बाहेरच्या दोघा वडिलजनांनी पाळकांच्या घरखर्चाची मोकळी विचारपूस करावी. मंडळीबाहेरच्या शेजाऱ्यांसाठीही निधीचा काही भाग ठेवा. गलतीकरांस पत्रात विश्वासी घराण्याचा उल्लेख विशेष आहे खरा, पण त्याच वाक्यात आधी सर्वांचे बरे करा असे आहे.

तुम्ही स्वतः अडचणीत असाल तर

लवकर सांगा. महागड्या व्याजाचे पहिले कर्ज घेण्याआधी सांगा, दागिने मोडण्याआधी सांगा. एकाच विश्वासू व्यक्तीला, नेमक्या शब्दांत: "दोन महिने भाडं भरता आलेलं नाही, पुढच्या महिन्यात काम मिळण्याची शक्यता आहे." अशा बोलण्याने समोरच्याला काय करायचे ते लगेच कळते. अर्पणाला काही नसेल तरी या. गायनात, शब्बाथ शाळेत (मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणात), आजाऱ्यांच्या भेटीत तुमची जी सेवा चालू होती ती सोडू नका, आणि समितीनेही ती काढून घेऊ नये. करिंथकरांना पौलाने सांगितलेला हिशेब असाच आहे: आज तुमच्या विपुलतेतून त्यांची उणीव भरते, उद्या त्यांच्या विपुलतेतून तुमची.

घर सावरल्यावर समितीने त्यांना साक्ष द्यायला, म्हणजे सगळ्यांसमोर आपला अनुभव सांगायला, उभे करू नये. ज्यांना स्वतःहून बोलायचे असेल ते बोलतील, कधी वर्षांनंतर. त्यांच्यापैकी कोणाची तयारी असली, तर समितीतली पुढची रिकामी जागा आधी त्यांना विचारा.